धुळ्याच्या क्लबातली तुमची फ्रेम

आबा,

खेळ सोडून मला आता बरीच वर्षं झाली, हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमचा गोंधळ व्हायचा नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी खेळत होतो, पेपरात नाव येत होतं, आणि आई ती कात्रणं घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवत होती, अगदी दूधवाल्यालासुद्धा. आता मी 'माजी' झालो. माजी विजेता म्हणजे काय, तर कार्यक्रमाला बोलावतात, पहिल्या रांगेत बसवतात आणि निवेदक खेळाचं नाव चुकवतो. मागे इथे जळगावातच एकाने मला टेबल टेनिसचा चॅम्पियन करून टाकलं. मी उठून सगळ्यांना नमस्कार केला. स्नूकर म्हणजे काय हे माइकवर समजावत बसण्याचं माझं वय राहिलेलं नाही. उजवा खांदा दुखतो, नेम धरायला वाकलो की कंबर कुरकुरते, आणि लांबचा गुलाबी चेंडू मला लाल दिसायला लागला त्या दिवशी मी क्यूची काठी पेटीत ठेवून दिली. त्याचं फार वाईटही वाटलं नाही. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं, आणि ती तुमच्याखेरीज कुणाला सांगण्यासारखी नाही.

मे महिना आहे. दुपारी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. कूलर घरघरतो आहे, गल्लीत चिटपाखरू नाही, आणि अशा दुपारी मला तुमच्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. आपलं दोघांचं जे काही झालं ते सगळं दुपारीच झालं.

तुमची धुळ्याला बदली झाली तेव्हा मी आठवीत होतो. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. पाटबंधारे खात्यातले उपअभियंता, शिंदखेड्याकडच्या खेड्यातून शिकून वर आलेले, आपल्या बौद्धवाड्यातले पहिले इंजिनिअर. हुद्द्यामुळे तिथल्या क्लबाचं सभासदत्व तुम्हाला आपोआप मिळालं. जुना कौलारू क्लब, पुढे पत्त्यांची खोली, मागच्या हॉलमध्ये ते अवाढव्य हिरवं टेबल. पुण्याला शिकत असताना तुम्ही हा खेळ कुठल्याशा जिमखान्यात उचलला होतात, आणि तुमचा हात फार सुरेख होता. हे मी मुलगा म्हणून लिहीत नाही. पुढे मी पुष्कळ हात पाहिले, नावाजलेल्या लोकांचे पाहिले, आणि त्या सगळ्यांच्या शेजारी ठेवून सांगतो.

क्लबात एक पद्धत होती. भिंतीवरच्या पाटीवर खडूने आपलं नाव लिहायचं. जिंकेल तो टेबलावर राहायचा, हरेल तो उतरायचा, आणि पाटीवरचा पुढचा माणूस जिंकणाऱ्याशी खेळायचा. एका संध्याकाळी तुम्ही घरी विसरलेला चष्मा द्यायला मी आलो तेव्हा तुमचंच नाव लागलं होतं. तुम्ही रॅकमधून क्यू काढलात, टोकाला चॉक लावलात. समोर क्लबाचे सेक्रेटरी होते, सगळे ज्यांना वकीलसाहेब म्हणायचे ते. त्यांनी आपला क्यू टेबलावर आडवा ठेवला आणि हसून म्हणाले, "आज पुरे, साहेब. खांदा भरून आला." बाकीचेही उठले आणि सगळे पत्ते खेळायला गेले. हॉलमध्ये तुम्ही एकटे उरलात. खिशातल्या रुमालाने पाटीवरचं स्वतःचं नाव पुसलंत, मला पाहिलंत आणि म्हणालात, "चल, भाऊ. आई वाट बघत असेल." घरात मला भाऊ म्हणायचात ना, ते त्या सभ्य मंडळींच्या हॉलमध्येही म्हणालात.

ते एकदाच झालं नव्हतं हे मला पुढे कळलं. दर वेळी कुणाचा तरी खांदा भरून यायचा. कुणी तोंडावर वाकडं बोललं नाही, हेही खरं. चहा सगळ्यांना एकाच ट्रेमधून यायचा, कॅनॉलला पाणी कधी सुटणार ते तुम्हाला आदराने विचारलं जायचं, माझ्या मार्कांचीही चौकशी व्हायची. फक्त टेबलाच्या त्या बाजूला तुमच्यासमोर बरोबरीने उभं राहायला कुणी तयार नव्हतं. मी तुम्हाला काही विचारलं नाही आणि तुम्ही काही सांगितलं नाही. आपल्या घरात अशा गोष्टी न बोलताच सगळ्यांना कळायच्या.

पुढच्या रविवारी भर दुपारी तुम्ही मला स्कूटरवर मागे बसवून क्लबात घेऊन गेलात. त्या वेळी तिथे माणूस नसतो. वॉचमन दार उघडून देतो आणि पुन्हा व्हरांड्यात जाऊन आडवा होतो. खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावलेत, त्यांच्यावर पाणी मारलंय, बाहेर रस्त्याचं डांबर मऊ पडलंय आणि आत टेबलावरच्या दिव्यांखाली तुम्ही माझा डावा हात कापडावर टेकवून बोटं पसरून दाखवता आहात. "हलायचं नाही. चेंडू गेला तरी हलायचं नाही. आपलं काम झालं की त्याच्या मागे धावायचं नसतं." तुम्हाला खेळायला माणूस हवा होता, म्हणून तुम्ही एक माणूस घरातच तयार केलात. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. म्हणजे बऱ्याचदा तक्रार म्हणून नसतं.

शिकवताना तुम्ही भारी कडक होतात. ऑफिसात तुमचे शिपाईसुद्धा तुम्हाला घाबरत नसत, पण टेबलापाशी मी घाबरायचो. तुम्ही मला एकदाही मुद्दाम जिंकू दिलं नाहीत. मी रडकुंडीला यायचो, तरी तुम्ही शांतपणे एकेक चेंडू पॉकेटात घालत राहायचात. "समोरच्याला सोडायचं नसतं," म्हणायचात. "सोडलं म्हणजे आपण त्याला खेळाडूच मानत नाही." आणि एकदा तुमचा डाव चालू असताना मी खुर्चीत पाय हलवत आढ्याकडे बघत बसलो होतो, तेव्हा तुम्ही खेळ थांबवलात. क्यू हातातच होता. "नीट बस. हा खेळ निम्मा खुर्चीत बसून खेळायचा असतो. समोरचा खेळतोय ना, मग त्याच्याकडे बघ." इतकी साधी गोष्ट, पण पुढे परदेशात तासन्‌तास खुर्चीत बसायची वेळ आली तेव्हा तेवढीच कामाला आली. मी तुम्हाला पहिल्यांदा हरवलं त्या दुपारी मात्र तुम्ही बाहेर जाऊन उसाच्या रसाचे दोन मोठे ग्लास घेऊन आलात, टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर उभे राहिलात आणि माझा हात हातात घेतलात. मोठ्या माणसाचा घेतात तसा. एवढं खूश मी तुम्हाला बढतीच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

ते टेबल खिडकीकडच्या कोपऱ्याला किंचित खचलेलं होतं. तुम्ही पहिल्याच आठवड्यात ऑफिसातली सपाटी मोजायची लेव्हल आणून तपासलं होतंत आणि सरळ करून द्यायची तयारीही दाखवली होतीत. वकीलसाहेब म्हणाले, राहू द्या हो, आमच्या अंगवळणी पडलंय. मग ते तुमच्याही अंगवळणी पडलं आणि माझ्याही. त्या बाजूला हळू चेंडू मारायचा तर थोडा वर धरून मारायचा, मग तो उताराने बरोबर पॉकेटात येतो. मला वाटायचं, हा खेळच असा असतो. कॉलेजात असताना मुंबईला पहिली स्पर्धा खेळायला गेलो आणि एकामागून एक सोपे चेंडू पॉकेटाच्या ओठावरून परत यायला लागले. मी टेबल बदलून मागितलं. पंच म्हणाले, यात दोष काय आहे? दोष काहीच नव्हता, टेबल सपाट होतं आणि तोच माझा घात झाला. पहिल्याच फेरीत हरून मी तोंड पाडून घरी आलो. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. आईला हाक मारून म्हणालात, "ऐकलंस का, तुझा मुलगा धुळ्याचा उतार मुंबईला घेऊन गेला होता." पुढे कितीतरी दिवस मी काही चुकलं की आई विचारायची, कुठला उतार होता रे?

असं हसणं आपल्या घरात पुढे कमी झालं, त्याला कारण मीच. तुमची जळगावला बदली झाली होती. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि कॉलेज सोडून पूर्ण वेळ खेळायचं ठरवून घरी आलो होतो. सरकारी क्वार्टरचं ते छोटं स्वयंपाकघर आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. आई भरितासाठी वांगी भाजते आहे, सगळीकडे धूर भरला आहे, तुम्ही पाटावर बसला आहात आणि कळण्याची भाकरी तुमच्या ताटात तशीच आहे. मी सांगून टाकतो. तुम्ही ताट जरा पुढे सरकवता. "मी खेळलो ते नोकरी होती म्हणून. त्या क्लबाचं दार मला कशानं उघडलं? इंजिनिअरच्या कागदानं. खेळानं नाही. तुझ्याकडे काय आहे?" मी म्हणालो, हात आहे. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, मला स्वतःचं हे उत्तर फार आवडलं होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, रागाने नाही, आणि म्हणालात, "हात दुखतो, भाऊ. कागद दुखत नाही." आई मध्ये पडली. "पहिले जेवी ल्या, मंग भांडा," म्हणाली. पण तुम्ही भांडलाच नाहीत. हात धुतलेत आणि उठून गेलात.

मला तेव्हा वाटलं होतं की तुम्ही माझ्यावर रागावलात. आता माझ्या लक्षात येतं की तुम्ही स्वतःवर रागावला होतात. आजोबांनी दुसऱ्याच्या शेतात राबून तुम्हाला शाळेत घातलं, तुम्ही त्या शिक्षणावर घर उभं केलंत, आणि एकट्याने खेळायचा कंटाळा येतो म्हणून मुलाच्या हातात क्यू दिलात, तर त्या मुलाने सगळं शिक्षणच खाली ठेवलं. तुम्ही हे कुणापाशी बोलला असाल असं मला वाटत नाही. मीही तुम्हाला 'तसं नाही, आबा' असं कधी म्हटलं नाही, कारण तसंच होतं.

कारकीर्द म्हणतात ती माझी बरी झाली. मुंबईत दिवसाचे आठ-आठ तास टेबलाशी उभा राहिलो. राज्यात पहिला आलो, मग देशात पहिला आलो, मग व्यावसायिक झालो आणि इंग्लंडला गेलो. तिकडे काय असेल असं तुम्हाला वाटायचं, ते मी पत्रांतून नीट कळवलं नाही. समुद्रकाठच्या एका गावात मोठं थंडगार गोदामासारखं सभागृह, त्यात पडदे लावून केलेले खण, प्रत्येक खणात एक टेबल आणि दोन माणसं. बघायला कुणी नाही. पात्रता फेरीचे सामने तसेच होतात. मी कोटाखाली दोन स्वेटर घालून बसायचो आणि आईने दिलेला ठेचा पावाला लावून खायचो. तिथे मी जे शिकलो ते एवढंच की पोटासाठी खेळणारा माणूस जिंकायला खेळत नाही, तो न चुकायला खेळतो. जोखमीचा चेंडू दिसला की माझा हात आपोआप दुसरीकडे वळायला लागला. मी चांगला झालो, कंटाळवाणा झालो आणि पुढे जाणं थांबलं. काही वर्षांनी परत आलो आणि इथल्या व्यावसायिकांची स्पर्धा जिंकलो. पेपरात करंडकासह फोटो आला. त्यात मी हसतोय, पण त्या आठवड्यात मला एकही दिवस मजा आली नव्हती. खांदा तेव्हाच दुखायला लागला होता. तुमचं बोलणं खरं झालं होतं, हे तुम्हाला कळू नये म्हणून मी घरी आलो की डाव्या हाताने बॅग उचलायचो.

त्या विजयानंतर धुळ्याच्या क्लबाने माझा सत्कार ठरवला. आता वकीलसाहेब अध्यक्ष झाले होते. तुम्ही निवृत्तीच्या जवळ आला होतात. तुम्ही, आई आणि मी, तिघं एसटीने जळगावहून निघालो. तुम्ही नवी पँट शिवली होतीत, शर्टाला कडक इस्त्री होती, बूट पॉलिश केलेले. मी म्हणालो, "आबा, सत्कार माझा आहे की तुमचा?" तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात आणि आईने मला कोपराने ढोसलं. मला त्याचा अर्थ कळला नाही.

हॉल भरला होता. मला शाल आणि श्रीफळ दिलं. वकीलसाहेब छान बोलले, नेहमीच छान बोलायचे. आमच्या टेबलावर घडलेला खेळाडू, म्हणाले. मग त्यांनी जाहीर केलं की आता चॅम्पियन अध्यक्षांबरोबर एक प्रदर्शनीय फ्रेम, म्हणजे एक पूर्ण खेळ, खेळतील, आणि बाह्या दुमडायला लागले. मी माइक घेतला. म्हणालो, मी आबांबरोबर खेळेन, मला इथे त्यांनी शिकवलंय. टाळ्या पडल्या. वकीलसाहेबांनीही वाजवल्या, मला वाटतं मनापासून वाजवल्या. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ज्यांचे खांदे भरून यायचे त्यातले बरेचसे समोर बसले होते, आणि तुम्ही तिसऱ्या रांगेतून उठून पुढे आलात. या क्षणाची मी मनात किती तयारी केली होती हे तुम्हाला सांगता येणार नाही. आणि त्या तयारीतच मी एक मूर्खपणा ठरवून ठेवला होता. तुम्ही रॅकमधल्या, धुळ्याला असताना वापरायचात त्या तुमच्या जुन्या क्यूकडे वळलात, तर मी मध्ये गेलो आणि माझा स्वतःचा क्यू, इंग्लंडहून आणलेला, पेटीतून काढून दोन्ही हातांनी तुमच्या हातात दिला. लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या. तुमचा क्यू मी घेतला.

दुसऱ्याचा क्यू म्हणजे काय असतं हे मला कळायला हवं होतं. वजन वेगळं, टोक बारीक, हात कुठे थांबवायचा ते कळत नाही. मी स्वतः कुणाचा क्यू घेऊन एखादी सरावाची फ्रेमसुद्धा खेळलो नसतो. पण मला तुमचा मान करायचा होता, आणि तुम्हाला इतक्या लोकांपुढे नाही म्हणता आलं नाही. तुम्ही सुरुवात केलीत, पांढरा कडेला न लागता फार भरून लागला, लाल चेंडू चहूकडे पांगले. मी एक घेतला आणि पुढचा चुकलो. मग तुमच्यासमोर मधल्या पॉकेटाशी लटकलेला लाल आला. तो तुम्ही डोळे मिटून घातला असता. तुम्ही वाकलात आणि टोक सरकलं, टक् असा आवाज झाला, चेंडू जागचा हलला नाही. कुणीतरी हसलं. मी बचावाचा फटका मारून पांढरा अडवून ठेवला, तुमचा पुन्हा डाव आला आणि या वेळी पांढराच पॉकेटात गेला. पंच बोलायच्या आधी तुम्हीच "फाउल" म्हणालात. मागून कुणीतरी म्हणालं, "सराव सुटला साहेबांचा." प्रेमाने म्हणालं. तुम्ही पुन्हा पुन्हा चॉक लावत होतात. माझ्याकडे बघत नव्हतात.

तेव्हा मी ठरवलं की तुम्हाला आता टेबलाशी यायची पाळीच येऊ द्यायची नाही. मुद्दाम चुकणं शक्य नव्हतं, ते तुम्हाला लगेच कळलं असतं आणि तुम्ही मला माफ केलं नसतं. मग एकच उरलं, चुकायचंच नाही. मी पांढरा हातात घेतला, जागेवर ठेवला आणि सुरुवात केली. लाल, काळा, लाल, काळा. टेबल रिकामं होईपर्यंत थांबलो नाही. शेवटचा काळा गेला तेव्हा लोक उभे राहिले होते. मी वळून पाहिलं तर तुम्ही खुर्चीत ताठ बसला होतात, माझा क्यू गुडघ्यांमध्ये उभा धरून, नजर टेबलावर. मग उठलात, वळसा घालून आलात आणि माझा हात हातात घेतलात.

परतीच्या एसटीत आई पुढच्या बाकावर बसून पेंगत होती. पारोळा मागे पडलं. मी वाट बघत होतो की तुम्ही त्या ब्रेकबद्दल, एका डावात टेबल रिकामं केलं त्याबद्दल, काही म्हणाल. एरंडोलच्या अलीकडे तुम्ही बाहेर बघतच म्हणालात, "आखो एक डाव देवाले पाहिजे व्हता, भाऊ. हात बसी राहिंता." बाहेर तुम्ही नेहमी पुस्तकी मराठी बोलायचात, अहिराणी फक्त आजीशी आणि कधीतरी आईशी. माझ्याशी त्या भाषेत तुम्ही क्वचितच बोलला असाल. हात बसत आला होता, आणखी एक डाव हवा होता. मी म्हणालो, पुढच्या वेळी, आबा. तुम्ही मान हलवलीत. पुढची वेळ आली नाही. मी पुन्हा मुंबईला गेलो, तुम्ही निवृत्त झालात आणि दोन वर्षांत तुमचं हृदय थांबलं.

तुमचं पुण्यानुमोदन झालं त्या दिवशी, माणसं गेल्यावर, आई स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. तिने सहज सांगितलं. सत्काराचं पत्र आल्यापासून तुम्ही जळगावच्या क्लबात रोज दुपारी सरावाला जात होतात. ऑफिसातून जेवायला येतो म्हणून निघायचात आणि जेवायला यायचा नाहीत. "मले सांगू नको म्हनेत भाऊले," आई म्हणाली. "तो बोलावीच मले, म्हनेत." मला कळू द्यायचं नव्हतं, आणि मी तुम्हाला बोलावणार हे तुम्ही ओळखून होतात. मला वाटत होतं मी तुम्हाला काहीतरी अचानक देतोय, आणि तुम्ही तर नवी पँट शिवून, हात तयार करून, ज्या लोकांनी तुमच्यासमोर क्यू आडवे ठेवले त्यांच्यापुढे एकदा खेळून दाखवायला आला होतात. मी तुमच्या हातातून तुमचा क्यू काढून घेतला आणि मग तुमचा डावही काढून घेतला. तुमचा खेळ पाहिलेला माणूस आता मी एकटा आहे. मी कुणाला सांगितलं तर लोक म्हणतात, मुलगा आहे, असंच म्हणणार.

ही गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे. मुलाखतीत विचारतात, मग सांगतो की वडिलांना अवघड होऊ नये म्हणून मी तो ब्रेक केला. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. मलाही बरं वाटतं, आणि इतक्या वेळा सांगून ती खरीच झाली आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाही, टाकायला पत्ता नाही, म्हणून इथे उरलेलं लिहितो.

पहिले तीन-चार लाल मी तुमच्यासाठी घेतले, यात खोटं नाही. पण त्यानंतर कधीतरी समोरची माणसं मला दिसेनाशी झाली, आणि मग तुम्हीही दिसेनासे झालात. हरण्यासारखं काही नव्हतं. कितीतरी वर्षांनी मी जोखमीचे चेंडू घेत होतो आणि ते जात होते. मी तुम्हाला वाचवत नव्हतो, आबा. मी खेळत होतो. सगळ्या कारकिर्दीत मला तसं खेळता आलं नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही. तुम्ही दहा हातांवर खुर्चीत बसून तुमच्या एका डावाची वाट बघत होतात, आणि मला फार मजा येत होती.